एक हजार पौंडांचा आल्फ कॉमन

नमस्कार मंडळी. फेब्रुवारी १९०५. इंग्लंडमधल्या मिडल्सब्रो फुटबॉल क्लबने शेजारच्या संडरलंड क्लबकडून आल्फ कॉमन हा फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचा खेळाडू घेतला आणि मोजले १,००० पौंड. फुटबॉलमध्ये एवढी रक्कम पहिल्यांदाच. माणसांचा बाजार मांडलाय म्हणून बरीच ओरड झाली. पण कॉमनच्या खिशात यातलं काय पडलं? जवळपास काहीच नाही.

कसं ते बघा. करार असायचा एका हंगामाचा. हंगाम संपला की करार संपला, पण खेळाडूची नोंदणी क्लबच्याच ताब्यात. क्लबने सोडलं नाही, तर लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळायचं नाही, घरी बसायचं! ही नोंदणी सोडायची किंमत म्हणजे ट्रान्सफर फी, आणि ती जाते क्लबकडून क्लबकडे. खेळाडूला सही करताना १० पौंड आणि आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड. ही कमाल मर्यादा १९०१ पासूनची. म्हणजे कॉमनच्या फीइतके पैसे पगारातून मिळायला २५० आठवडे लागले असते.

[पडद्यावर: कॉमनचं छायाचित्र]

हा गडी मूळचा संडरलंडचाच, जन्म १८८०. उंचीने बेताचा, अंगाने भरदार. त्या काळी खांद्याने धक्का देणं नियमात बसायचं, अगदी गोलकीपरलासुद्धा, त्यामुळे असं वजन कामाला यायचं. शेफील्ड युनायटेडकडून १९०२ च्या एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये त्याने गोल केला. सामना १-१ सुटला, फेरसामन्यात शेफील्डने कप मारला. १९०४ मध्ये तो संडरलंडला परतला आणि काही महिन्यांतच मिडल्सब्रोला गेला.

मिडल्सब्रोला एवढी घाई का? पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या सर्वात वरच्या गटात १८ संघ, शेवटचे दोन खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार, आणि यांनी जवळपास दोन वर्षांत परक्या मैदानावर एकही सामना जिंकलेला नव्हता. कॉमनचा पहिला सामना शेफील्डच्या ब्रॅमल लेनवर, म्हणजे त्याच्या जुन्याच मैदानावर. पेनल्टी मिळाली, कॉमनने मारली, १-० ने जिंकले. हंगामाअखेर मिडल्सब्रो पंधरावा.

आता गंमत ऐका. त्या उन्हाळ्यात लीगने डिव्हिजन २० संघांचं केलं आणि तळाच्या बरी आणि नॉट्स काउंटीलाही ठेवून घेतलं. खाली कुणी गेलंच नाही! अर्थात फेब्रुवारीत हे कुणाला ठाऊक?

पैसे वाया गेले असंही नाही म्हणता येणार. मिडल्सब्रोसाठी लीगच्या १६८ सामन्यांत त्याने ५८ गोल केले. मग १९१० मध्ये वुलिच आर्सेनल, १९१२ मध्ये प्रेस्टन, तिथे दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद, आणि १९१४ मध्ये निवृत्ती. इंग्लंडकडून तीन सामने, दोन गोल. पुढे डार्लिंग्टनला पब चालवला. १९४६ मध्ये तो वारला.

कॉमनच्या या व्यवहाराने फुटबॉल असोसिएशन, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉलची नियामक संस्थाही हादरली होती. १९०८ च्या जानेवारीत त्यांनी फीवर ३५० पौंडांची मर्यादा घातली. क्लबांनी लगेच पळवाट काढली: हवा तो खेळाडू ३५० ला, आणि त्याच्या जोडीला एखादा किरकोळ खेळाडूही ३५० ला. काही महिन्यांतच मर्यादा गुंडाळावी लागली. खेळाडूंच्या पगारावरची मर्यादा मात्र, आकडे थोडे वर सरकत का होईना, १९६१ पर्यंत टिकली.