‘काय लागलं तर सांग’ म्हणू नका

मंडळी, नमस्कार. एवढ्या पावसात तुम्ही आलात, छत्र्या दारात ठिबकताहेत, म्हणून लांबण लावत नाही. ८ जून हा जागतिक ब्रेन ट्यूमर दिन. जर्मनीतल्या एका संस्थेने तो २००० साली सुरू केला. मी डॉक्टर नाही. मी फोंड्याच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि साडेतीन वर्षं ह्यांचं आजारपण काढलं, एवढीच माझी पात्रता.

आमच्याकडे सुरुवात डोकेदुखीने झाली नाही. शब्दांनी झाली. एका सकाळी हे म्हणाले, ‘किल्ली दे.’ मी कपाटाची किल्ली दिली. ती त्यांनी टेबलावर आपटली. पुन्हा म्हणाले, ‘किल्ली!’ त्यांना चहा हवा होता. पुढे दूधवाल्याला ‘रविवार’ म्हणायला लागले. शेजारच्या एकाला वाटलं, फेणी जास्त झाली. मला वाटलं, रिटायर झाल्यापासून हट्टी झालेत. भांडले मी. ते आठवलं की अजून घास अडतो.

बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात स्कॅन झालं तेव्हा कळलं की गाठ मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात आहे. बहुतेक माणसांची भाषा डाव्या बाजूलाच असते. गाठ कपाळामागे असती तर कदाचित शब्द राहिले असते आणि स्वभाव गेला असता. हिशेबी माणूस पैसे उधळायला लागतो, सोवळा माणूस शिव्या द्यायला लागतो. आणि साधी, कॅन्सर नसलेली गाठ म्हणजे काही नाही, असंही नव्हे. कवटी बंद डब्यासारखी असते. आत जागा वाढत नाही, मग साधी गाठही दाबतेच.

तर घरच्यांनी पहिल्या दिवसापासून हे एकमेकांना मोठ्याने सांगायचं: हा हट्ट नाही, हा आजार आहे. मनातल्या मनात म्हणून भागत नाही. आमच्या सासूबाईंनी देवाला कौल लावला, त्याला माझी ना नव्हती. पण मुलगा गुरगुरला की त्यादेखील म्हणायच्या, ‘बाबा तसो ना रे, दुयेंस तसलें.’ बाबा तसा नाही, आजारच तसला आहे.

आता माझी एक चूक सांगते. गाठीभोवतीची सूज उतरावी म्हणून ह्यांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होतं. त्या गोळ्यांनी भूक राक्षसासारखी लागते, साखर वाढते, झोप उडते. रात्री दोनला हे स्वयंपाकघरात डबे उघडायचे. मी कंटाळून दोन दिवस गोळीच दिली नाही. तिसऱ्या दिवशी माणूस पलंगावरून उठेना. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, म्हणून ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच कमी करायचं असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

फिट आली तर कांदा, चप्पल, हातात लोखंड यांतलं काही करू नका. तोंडात चमचा तर अजिबात घालू नका. दात तुटतात, श्वास अडकतो. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८.

पैशांचं थोडक्यात. २०१६ पासून आपल्याकडे गोव्यात उपचारांच्या खर्चासाठी सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाखांपर्यंत, चार किंवा जास्त माणसांना ४ लाखांपर्यंत. आज घरी गेल्यावर कार्डाची मुदत बघा. कपाटातलं कार्ड चालू असतंच असं नाही, हे मी खिडकीपाशी उभी राहून शिकले.

पण कुठल्याच कार्डात रात्रीची जागरणं बसत नाहीत. मुंबईला रेडिएशनची ३३ सिटिंग्ज झाली, आठवड्याला पाच. घरी परतलो तेव्हा अर्धा वाडा भेटायला आला. सगळे चांगले लोक. प्रत्येकजण निघताना म्हणायचा, ‘कितेंय जाय जाल्यार सांग गो.’ मी मान हलवायचे. काय सांगणार? मला आंघोळ करायची आहे, तुम्ही वीस मिनिटं ह्यांच्याजवळ बसा, असं पाहुण्याला सांगता येतं का? मागायला जीभ उचलत नाही. वर त्या पाहुण्यांना चहा करायचा तो वेगळाच.

वार सांगितला तो फक्त ह्यांच्या भजनी मंडळाने. हे पेटी वाजवायचे. मंडळातले दोघे आले आणि म्हणाले, ‘वहिनी, गुरुवारी पाच ते सात आम्ही इथे. चहा करायचा नाही. तुम्ही आत जाऊन झोपा.’ पहिल्या गुरुवारी मी झोपले नाही, दाराआड उभी राहिले. ज्या माणसाला ‘चहा’ म्हणता येत नव्हतं, त्याने ‘जय जय राम कृष्ण हरी’ धरलं आणि पुढचा अभंग शब्द न चुकता म्हटला. नंतर डॉक्टर म्हणाले, असं होतं; बोलणं जातं पण गाणं राहू शकतं, कारण गाण्याला मेंदूची उजवी बाजूही हातभार लावते. दुसऱ्या गुरुवारपासून मी झोपले. एवढी गाढ, की सातला उठवावं लागायचं.

ज्यांना भजनी मंडळ नाही त्यांचं काय? मनावरचा ताण फारच झाला तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. बोलणारं माणूस मिळतं. पण फोन काही ह्यांना कुशीवर वळवायला येत नाही.

म्हणून हे एक करून बघतोय. माझ्या ओळखीची सात घरं आहेत, फोंडा आणि आसपासच्या गावांतली. कुठे नवरा आजारी आहे, कुठे आई, एका घरी सतरा वर्षांची मुलगी. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. घरांची नावं लिहिलेली नाहीत, नुसते वार आणि तास आहेत. वैद्यकीय काही करायचं नाही, बसायचं, पेपर वाचून दाखवायचा, फिट आली तर काय करायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. पुढचे बरेच वार भरले. शुक्रवारची दुपार, दोन ते चार, अजून कुणी घेतलेली नाही. पेन वहीला दोऱ्याने बांधलंय, शिक्षिकेची सवय, जात नाही.