तालीम शेवटच्या तुकड्यापासून

श्रोतेहो, नमस्कार.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येते. त्यामुळे नागपुरातल्या हौशी संस्थांना तालमी पोळा, गणपती, नवरात्र आणि दिवाळी यांच्या मधल्या फटींत बसवाव्या लागतात. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीतून कुणी वेळेवर पोचत नाही आणि दिवाळीत निम्मी मंडळी गावी. हाती उरतात ते साडेसातनंतरचे, ऑफिस आटोपून आलेल्या माणसांचे दोन तास. ते रोज पहिल्या अंकाच्या पहिल्या वाक्यापासून सुरू केले, की काय होतं? कामठीहून येणाऱ्याची वाट बघण्यात अर्धा तास जातो, पहिला अंक पुन्हा एकदा होतो, आणि दुसरा अंक रंगात येतो तोच शाळेचा चौकीदार किल्ल्या वाजवत दारात उभा. प्रयोगात मग पहिला अंक गुळगुळीत आणि शेवटची 20 मिनिटं कच्ची. परीक्षक असो की प्रेक्षक, घरी जाताना डोक्यात शेवटचीच 20 मिनिटं असतात.

म्हणून आधी नाटकाचे तुकडे पाडा. कुणी रंगमंचावर आलं किंवा गेलं, की नवा तुकडा. दोन अंकी नाटकाचे असे 20 ते 25 तुकडे सहज होतात. एका मोठ्या कागदावर आडवे तुकडे, उभी पात्रं आणि जिथे पात्र आहे तिथे फुली, असा तक्ता भिंतीवर लावा. कुणाला कधी बोलवायचं हे त्यावरून कळतं. दोन वाक्यांच्या पोस्टमनला रोज हिंगण्याहून यायला लावलं, तर तिसऱ्या आठवड्यात त्याला ताप येणारच! आणि प्रत्येक आठवड्याची पहिली तालीम शेवटच्या तुकड्याने सुरू करा. माणसं ताजी असताना अवघड काम करून घ्यायचं, एवढाच त्यातला हिशेब.

सहा आठवडे हातात असतील तर पहिला आठवडा बसून वाचनाचा. घड्याळ लावून वाचा. वाचनाला लागलेल्या वेळात हालचाली आणि पॉज मिळून पाव हिस्सा तरी भर पडते. स्पर्धेची वेळमर्यादा ओलांडत असेल तर कात्री इथेच लावायची. पाचव्या आठवड्यात वाक्यं कापली, तर नट प्रयोगात नेमकी कापलेलीच वाक्यं बोलतो.

संहिता कागदाच्या एकाच बाजूला छापा आणि उजवीकडे चार बोटं समास सोडा. हालचाली त्यात पेन्सिलीने लिहायच्या. पेनने नाही, कारण त्या बदलणार आहेत. रंगमंचाचं उजवं-डावं नटाच्या बाजूनं धरायचं, प्रेक्षकांकडे तोंड करून. दिग्दर्शक समोर बसून स्वतःच्या उजवीकडे हात करतो आणि चार जण दोन दिशांना जातात, हा घोळ पहिल्याच दिवशी मिटवून टाका.

आता जमिनीचं काम. ज्या सभागृहात प्रयोग आहे तिथे आधी टेप घेऊन जा. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक आणि रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह या तिन्हींचा रंगमंच सारखा नाही. दर्शनी रुंदी, खोली आणि विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशात, खरोखर मोकळी असलेली जागा अशी तीन मापं घ्या. तिसरं माप घ्यायचं हमखास राहतं आणि सेटच्या दिवशी कळतं, की दिवाण विंगेतून आत येतच नाही. या मापांचा आराखडा तालमीच्या खोलीत जमिनीवर चिकटपट्टीने आखा. खोली लहान असेल तर अख्खा रंगमंच दाबून बसवू नका. अर्धाच आखा, खऱ्या मापाचा, आणि त्या अर्ध्यातले तुकडे घ्या. दाबून बसवलेल्या जागेत नटाची पावलं आखूड होतात. मोठ्या रंगमंचावर तो वाक्य संपल्यावरही चालतच राहतो.

दार म्हणजे दोन खुर्च्या, मध्ये अडीच फूट. पण दार आत उघडतं की बाहेर, आणि बिजागरी कुठल्या बाजूला, हे ठरवल्याशिवाय एंट्री बसवू नका. आत उघडणाऱ्या दाराचं फळकूट प्रेक्षकांच्या बाजूला आलं, तर आत येणारा माणूस पहिली दोन वाक्यं फळकुटामागूनच बोलतो. चहाचा कप रिकामा चालणार नाही, पाणी घाला. रिकामा कप नट कसाही हलवतो. भरलेल्या कपाला वेळ लागतो, घोट गिळावा लागतो, आणि वाक्य कुठे तोडायचं ते त्या घोटाने ठरतं. नऊवारी आणि प्रयोगातली चप्पल तिसऱ्या आठवड्यापासून अंगावर हवी. लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, असतील तर लाकडी पोकळीवर चपला किती वाजतात ते आधी ऐका. एखादं हळुवार वाक्य त्या आवाजात बुडतं.

पाठांतर हालचाली बसल्यानंतर करायचं. आधीच घोकून आलेल्या नटाचा हेल पक्का झालेला असतो आणि तो मोडायला दुप्पट वेळ जातो. पण हालचाली बसल्या की चार दिवसांत हातातलं पुस्तक खाली गेलंच पाहिजे. प्रॉम्प्टरने, म्हणजे विंगेतून वाक्य आठवून देणाऱ्याने, वाक्याचे पहिले दोनच शब्द द्यावेत, तेही लगेच आणि ठणठणीत आवाजात. पॉज कुठे आहेत त्याच्या खुणा त्याच्या प्रतीत हव्यात, नाहीतर नटाच्या सुंदर शांततेत मागून वाक्य येतं.

एकाच जागी पुन्हा पुन्हा अडखळायला होत असेल तर नटाला झोडपू नका, संहिता बघा. बहुतेक वेळा तोच क्यू, म्हणजे ज्यावरून आपलं वाक्य सुरू करायचं ती खूण, नाटकात दोनदा असतो. 12व्या पानावर ‘तुला काय वाटतं?’ आणि 31व्या पानावरही ‘तुला काय वाटतं?’ नट 12वरून थेट 31वर उडी मारतो आणि मधली 19 पानं गायब. उपाय साधा आहे: एका ठिकाणी त्याला बसवा, दुसऱ्या ठिकाणी उभा ठेवा किंवा हातात काहीतरी द्या. वाक्य शरीराच्या जागेशी जोडलं गेलं की उडी थांबते. आपल्याकडची आणखी एक खूण सांगतो. प्रमाण मराठी बोलणारं पात्र मध्येच ‘काय करून राहिला?’ म्हणालं, की समजा तिथलं पाठांतर अजून ओठांवरच आहे.

पाठांतर किती पक्कं झालंय हे बघायला जलद तालीम घ्या. गोल बसायचं, हावभाव नाही, दुप्पट वेगाने फक्त शब्द. जिथे गाडी थांबते तिथे पेन्सिलीची खूण. आणि क्यू म्हणजे समोरच्याचं वाक्य संपणं नव्हे. ते संपायच्या आत आपला श्वास घेऊन झालेला हवा. प्रत्येक क्यूला अर्धा सेकंद सांडला आणि नाटकात 600 क्यू असले, तर पाच मिनिटं गेली. नाटक रेंगाळलं म्हणतात ते बहुधा इथेच.

काही श्रोते म्हणतील, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर मोजक्या तालमींवर, प्रॉम्प्टरच्या भरवशावर रात्रभर नाटक चालतं, तेही हजारोंच्या गर्दीत. खरं आहे. पण तिथला नट दिवाळीनंतर हंगामभर जवळजवळ रोज रंगमंचावर असतो, त्याची तालीम प्रेक्षकांसमोरच होते. आपल्याला वर्षातून एक-दोन प्रयोग मिळतात. त्यांची नक्कल आपल्याला परवडत नाही.

उन्हाळ्यात बालनाट्याची शिबिरं घेणाऱ्यांसाठी एक सूचना. मोठा कूलर चालू ठेवून तालीम घेतली, तर मुलं त्याच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडायला शिकतात आणि आठवड्यात घसे बसतात. तुकडा चालू असताना कूलर बंद, 15 मिनिटांनी सुरू. दुपारी एक ते चार तालीम ठेवूच नका.

शेवटच्या आठवड्यात तांत्रिक तालीम वेगळी घ्या. तीत अभिनय नाही. प्रकाश आणि संगीताच्या प्रत्येक बदलाला क्रमांक द्यायचा, एका क्यूवरून थेट पुढच्या क्यूवर जायचं. सूचना देणारा माणूस एकच. ‘सात, तयार’ आणि ‘सात, सोड’, बस्स. क्रमांक आधी बोलायचा. नुसतं ‘सोड’ म्हटलं तर प्रकाशवाला आणि संगीतवाला दोघेही सोडतात. ब्लॅकआउटमधला सेटबदल खरोखरच्या अंधारात, स्टॉपवॉच लावून करा. खुर्ची कोण उचलणार, कुठल्या विंगेत जाणार, परत येताना हातात काय, हे नावानिशी लिहा. खुर्चीच्या पायांच्या जागी रेडियमची नखाएवढी पट्टी पुरे. हातभर लावली तर ती पहिल्या रांगेलाही चमकताना दिसते.

रंगीत तालमीत काहीही झालं तरी थांबायचं नाही. कप फुटला तर फुटलेल्या कपासकट पुढे जायचं. दिग्दर्शकाने विंगेत नव्हे, शेवटच्या रांगेत बसावं. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो आणि भरपूर वाटतो. खुर्च्या भरल्या की माणसं आवाज शोषून घेतात. म्हणून रिकाम्या सभागृहात जो आवाज ‘पुरेसा’ वाटतो, तो प्रयोगात कमीच पडणार असं धरून चाला. सूचना वहीत लिहा आणि संपल्यावर द्या. पण त्या रात्री नवी हालचाल सुचली तरी ती वहीतच राहू द्या.

अंतिम फेरीसाठी निवड झाली तर मध्ये बरेच दिवस जातात आणि सभागृह दुसऱ्या गावचं असतं. तेव्हा पहिल्या दिवशी जलद तालीम, दुसऱ्या दिवशी शेवटचा तुकडा. आणि त्या गावात कुणी ओळखीचं असेल तर त्यांना आधीच सांगून विंगेचं माप मागवून घ्या.

नमस्कार.