एकाच वाड्याची लोकर

नमस्कार मंडळी, ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल, जिथे कुठे रेडिओ लावून बसला असाल तिथे नमस्कार. आज लोकरीबद्दल बोलायचंय, आणि तेसुद्धा अशा कापडाबद्दल ज्याची सगळीच्या सगळी लोकर एकाच कळपाची असते. म्हणजे मेंढरं कुणाची ते माहीत, कुठे चरली ते माहीत, कातरली कुणी तेही माहीत.

दुकानातलं सुटाचं कापड असं नसतं हो. ती लोकर बहुतेक मेरिनो मेंढीची, ऑस्ट्रेलियातून आलेली, आणि एका गाठोड्यात बऱ्याच फार्मांची मिसळलेली. मेरिनो वर्षाला चार-पाच किलो लोकर सहज देते आणि तिचा तंतू २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपली दख्खनी मेंढी काळी, करडी, तिची लोकर जाड आणि चरचरीत, वर्षातून दोनदा कातरायची आणि एका कातरणीला एका मेंढीची मिळते तीन-चारशे ग्रॅम. आता तुम्हीच हिशोब करा, शंभर मेंढरांचा कळप असला तरी एका वेळी तीस-चाळीस किलो, त्यातली माती, काटे, तेलकटपणा गेला की त्यातही बरीच घट. त्यामुळे एकाच कळपाचं कापड करायचं तर आधी कळप बघायचा आणि मग कापडाचं माप ठरवायचं. हे मी परत सांगते, आधी कळप, मग माप. आपण उलटं करतो, आधी डिझाइन आणतो आणि मग लोकर शोधत बसतो.

आता ते सांगते जे मला कधीचं सांगायचं होतं.

माझे मामा ठाण्यातल्या रेमंडच्या वूलन मिलमध्ये होते. ती मिल १९२५ सालची, पोखरण रोडची, आता तिथे टॉवर उभे आहेत पण आमच्या लहानपणी शिफ्टच्या वेळा बघून आई भात टाकायची. मामांचा कच्च्या लोकरीशी रोजचा संबंध, हात लावला की मेंढीची कुंडली सांगायचे. २०२२ च्या मार्चमध्ये, होळीच्या जरा आधी, मी खालापूरच्या बाजूला पाताळगंगेच्या काठी एका धनगर वाड्यावर गेले होते. वाडा म्हणजे घर नाही बरं का, चार-पाच कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, सगळं मिळून वाडा. दिवाळीनंतर हे लोक घाटावरून कोकणात उतरतात, कापलेल्या भातशेतात मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं आणि ह्यांना धान्य नाहीतर पैसे, आणि पावसाच्या आधी परत वर जातात कारण चिखलात मेंढराचे खूर सडतात. (आपण हायवेवर हॉर्न वाजवत त्यांच्या कळपातून गाडी घुसवतो हे मला अजिबात पटत नाही, दोन मिनिटं थांबलं तर काय बिघडतं.)

तिथल्या मावशींकडून मी बारा किलो लोकर घेतली, त्यांच्याकडे ती नुकतीच कातरून पडली होती, कारण आता व्यापारी मांसासाठी मेंढरं घेतात आणि लोकरीला कुणी विचारत नाही. दोन गोण्या होत्या, एक मोठी, एक लहान. लहान का वेगळी, हे तेव्हा मी विचारलं नाही. घरी वर्तकनगरला आणून मूठभर लोकर गरम पाण्यात चोळून धुतली आणि तिचा घट्ट गोळा झाला, स्वेटर वॉशिंग मशीनला टाकल्यावर काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. मावशींना फोन केला तर त्या म्हणाल्या, ताई, आमी कातरायच्या आधीच मेंढरं डोहात घालून धुतो, आता नुसती गार पाण्यात बुडवून काढा, चोळू नका. हे लक्षात ठेवा मंडळी, गार पाणी, आणि चोळायचं नाही.

वाळलेली लोकर घेऊन मी मामांकडे गेले. मामा तेव्हा एक्क्याऐंशीचे. त्यांनी मोठ्या गोणीतली एक बट उपसली, दोन्ही टोकं दोन चिमटींत धरून ताणली, डाव्या कानापाशी नेली आणि करंगळीने मध्ये टिचकी मारली. मग दुसरी बट. मग तिसरी. मी विचारलं, काय ऐकताय? तर म्हणाले, थांब. दहा-बारा बटी झाल्यावर माझ्या कानाशी धरली आणि टिचकी मारली, बारीकसा चर्रर्र असा आवाज आला, सुकं पान चुरगाळल्यासारखा. मग लहान गोणीतली बट घेतली, तिचा आवाज टण्ण, तंबोऱ्याच्या तारेसारखा. मोठ्या गोणीतली बट परत ताणली तर ती बरोबर मध्यावर तुटली, दुसरीही मध्यावर, तिसरीही मध्यावर. मामा म्हणाले, ह्या मेंढरांनी एकदम काहीतरी सोसलंय, उपास नाहीतर ताप, आणि कातरायच्या आधी तीनेक महिने. मी म्हटलं, तीन महिने कशावरून? तर म्हणाले, महिन्याला सेंटिमीटरभर वाढ धर आणि कापलेल्या टोकाकडून मोज. मेंढी आजारी पडली किंवा उपाशी राहिली की त्या दिवसांतला तंतू बारीक पडतो, बाकीचा चांगला असतो पण तेवढ्या जागी तो तुटतो.

मार्चमधून तीन महिने मागे म्हणजे डिसेंबरची सुरुवात. मी तिथल्या तिथे मावशींना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं, मावशी, डिसेंबरात मेंढरांना काय झालं होतं? त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, तुमाला कुनी सांगितलं? २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेला तो अवकाळी पाऊस आला होता ना, आठवतो ना तुम्हाला, जुन्नर, पारनेर, मावळ सगळीकडे मेंढरं गारठून गेली होती, तेव्हा ह्यांचा वाडा घाट उतरायच्या तयारीत मावळात उघड्यावर होता. म्हणाल्या, ताई, दोन दिस मेंढरं उभीच हुती, तोंडाला पाला लागला नाय, अकरा गेली आमची. मग मामांनी विचारलं, आणि लहान गोणीतली? तर त्या म्हणाल्या, त्या गाभण मेंढ्या वो, एका शेतकऱ्यानं त्याच्या गोठ्यात घेतल्या हुत्या त्या राती. मागनं कातरल्या म्हनून गोणी येगळी.

मामांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, मिलमध्ये हे कळलं नसतं कुणाला. कारण तिथे पन्नास ठिकाणची लोकर एकत्र होते, एकाची कमजोरी दुसऱ्यात झाकली जाते, आणि तुटके आखूड तंतू विंचरताना नॉइल म्हणून बाजूला पडतात. एकाच कळपाची लोकर असेल तर मात्र त्या कळपाचं वर्ष लोकरीत जसंच्या तसं उतरतं. हेही परत सांगते, एकाच कळपाची असेल तर कळपाचं वर्ष लोकरीत उतरतं.

पुढचं थोडक्यात. माणदेशातल्या एका सनगर बाबांकडे, म्हणजे लोकर विणणाऱ्या समाजातल्या विणकराकडे, दोन्ही गोण्या नेल्या. पिंजण, सूतकताई त्यांच्या घरच्या बायकांनी केली, चरख्यावर, आणि दोन्ही गोण्यांचं सूत वेगळं ठेवलं. बाबांनी मोठ्या गोणीचं सूत बोटाला गुंडाळून झटका दिला आणि म्हणाले, हे बाण्याला, ताण्याला नको. उभा ताणा मागावर सारखा ताणलेला असतो, दर फटक्याला ओढ बसते, त्याला धडधाकट सूतच लागतं, आडव्या बाण्याला तेवढा ताण नाही. मग चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ केली, ती ताण्यावर कुंच्याने फिरवली, वाळवली, आणि खड्ड्याच्या मागावर पट्टा लावला. रंग अजिबात दिला नाही, काळा आणि करडा हाच त्या मेंढरांचा रंग. चिंचोक्याच्या खळीचा वास काय सुंदर असतो सांगू, आणि शाळांमध्ये शिवण-विणकामाचे तास बंद केलेत ना ते परत सुरू करायला हवेत, मुलांना सूत हातात धरल्याशिवाय ताणा-बाणा कसा कळणार.

पट्टा निघाला नऊ मीटर, रुंदी दोन फुटांच्या आसपास. जास्त निघूच शकत नव्हता, कारण ताण्याला चालणारी लोकर फक्त गोठ्यात घेतलेल्या मेंढ्यांची आणि ती तेवढीच होती. बाण्याची उरली, तिचं जाड आसन करून घेतलं. वाशीच्या माझ्या मैत्रिणीला चार जॅकेटं हवी होती, तिला सांगितलं की बाई आता पुढची कातरणी होईपर्यंत थांब, तर तिला पटेना, म्हणाली दुसऱ्या कुणाची लोकर घाल थोडी. मी नाही घातली. घातली असती तर ते नुसतं लोकरीचं कापड झालं असतं, त्या वाड्याचं राहिलं नसतं.

तीन बंड्या झाल्या आणि एक पांघरूण. चरचरीत लागतं अंगाला हो, सदऱ्यावर घालायचं, उघड्या अंगावर नाही, पण एसी लोकलमध्ये माझ्या अंगावर बंडीच असते आणि त्या गारठ्यात दुसरं काही लागत नाही. मऊ हवं असेल तर कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मागा, तिला जावळ म्हणतात, फार थोडी मिळते.

दिवाळीनंतर पनवेल, खालापूर, पेणच्या बाजूला वाडे उतरतात. गेलात तर कातरणी कधी आहे ते विचारा आणि लोकर उचलायच्या आधी एक बट ताणून कानाशी धरून बघा. मी होळीच्या आधी जाणारच आहे. मामांना आता प्रवास झेपत नाही, पण परवा त्यांनी फोन करून मावशींना स्वतःच विचारलं की यंदा पाऊस कुठे लागला आणि मेंढरं आडोशाला होती का.

नमस्कार.