दाराला टेकवलेला पुतळा

श्रोतेहो, नमस्कार. शिकागो विद्यापीठाचे वर्ग १८९२ मध्ये भरू लागले आणि त्याच वर्षी त्याचा अमेरिकन फुटबॉलचा संघही मैदानात उतरला. हा फुटबॉल लंबगोल चेंडू काखेत धरून धावण्याचा आणि धावणाऱ्याला झेप घेऊन पाडण्याचा, एवढे ध्यानात असले तरी पुरे. प्रशिक्षक ॲमॉस अलोन्झो स्टॅग यांनी तब्बल ४१ हंगाम हा संघ घडवला. सलग ५६ सामने न हरलेल्या मिशिगन विद्यापीठाच्या संघाला १९०५ मध्ये शिकागोने २-० असे नमवले, तेव्हा या विद्यापीठाचा दबदबा खेळातही होता आणि विद्येतही.

आता मला मनापासून सांगावीशी वाटते ती गोष्ट जे बर्वँगर यांची. आयोवातल्या डब्यूक गावचा हा मुलगा शिकागोला आला, तोवर संघाला उतरती कळा लागली होती. पण चेंडू त्याच्या हाती आला की त्याला आवरणे कठीण जाई. १९३४ मध्ये मिशिगनच्या एका खेळाडूने त्याला पाडण्यासाठी झेप घेतली, तेव्हा बर्वँगरच्या बुटाची टाच त्या खेळाडूच्या डाव्या डोळ्याखाली लागली आणि तिथे कायमचा व्रण राहिला. तो खेळाडू म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड.

पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, न्यूयॉर्कच्या डाउनटाउन ॲथलेटिक क्लबने नव्याने ठेवलेला पुरस्कार बर्वँगरला मिळाला. महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा जो पुरस्कार आज हाइजमन करंडक म्हणून ओळखला जातो, तोच हा. एक हात पुढे रोखून धावणाऱ्या खेळाडूचा तो कांस्य पुतळा बर्वँगरच्या खोलीत मावेना, म्हणून तो मावशीच्या घरी गेला, आणि दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मावशीने तो दाराला टेकवून ठेवला! कौतुकाच्या वस्तू कुलूपबंद काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा त्या घरात अशा वावरत राहाव्यात, असे मला नेहमी वाटते. १९३६ मध्ये व्यावसायिक संघांनी खेळाडूंची पहिलीवहिली निवड केली, तेव्हा पहिले नाव पुकारले गेले तेही बर्वँगरचेच. पण मानधनाचे जमले नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही.

पहिला हाइजमन मिळाला १९३५ मध्ये, हे साल लक्षात ठेवा, कारण अवघ्या चार वर्षांनी, १९३९ मध्ये, मिशिगनने शिकागोचा ८५-० असा धुव्वा उडवला आणि त्याच डिसेंबरात विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. होय, पहिला हाइजमनविजेता देणाऱ्या विद्यापीठानेच तो बंद केला. अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांना विद्यापीठाचे बळ अभ्यासात लावायचे होते, आणि मैदानातल्या पोरांचे हाल पाहता मला त्यांचा निर्णय योग्यच वाटतो. ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी जगातली पहिली मानवनिर्मित, स्वयंपोषी अणुसाखळी-प्रक्रिया घडवली, म्हणजे एक अणू फुटला की त्यातून पुढचे अणू आपोआप फुटत राहतील अशी. मैदान पुढे पाडले गेले आणि त्या जागी ग्रंथालय उभे राहिले.

विद्यापीठाचा अधिकृत संघ १९६९ मध्ये परतला, तो खेळासाठी शिष्यवृत्ती न देता. आणि मावशीच्या दाराशी राहिलेला तो पुतळा आता विद्यापीठाच्या क्रीडाभवनात आहे.