पंजा कोणाचा?

(अनुवाद करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात माझ्या फजितीनं करतो. काही वर्षांपूर्वी दूध काढायच्या यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. तीत पानोपानी ‘क्लॉ’ होता. क्लॉ धुवा, क्लॉची नळी तपासा, क्लॉला तडा गेला असेल तर बदला. मी शब्दकोश उघडला, ‘नखी’ सापडली, ती सगळीकडे लावून मोकळा झालो. मसुदा वाचायला दिला होता त्या गोठेवाल्याचा फोन आला, “सर, म्हशीच्या सडाला नखी लावायची? लाथ घालंल की ती!”

मग त्यानं मला गोठ्यात नेऊन वस्तू दाखवली. चार सडांना चार कप लागतात आणि चारही कपांतलं दूध मधल्या एका वाटीत जमून पुढे नळीनं जातं. ती वाटी म्हणजे क्लॉ. चार तोंडं फुटलेली ती वाटी उलटी धरली तर कोंबडीच्या पायासारखी दिसते, म्हणून हे नाव. तिथं नखाचा काही संबंध नाही. “आम्ही क्लॉच म्हणतो, तुम्हीही क्लॉच लिहा,” असं त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं.

तेव्हापासून या शब्दानं माझा पिच्छा सोडलेला नाही. इंग्रजी माणूस आकार पाहतो. वाकडं, टोकदार, पकडणारं काही दिसलं की त्याला क्लॉ म्हणतो. मग ते मांजराचं असो, घारीचं असो, खेकड्याचं असो, नाहीतर खिळा उपटायच्या हातोडीचं मागचं दुभंगलेलं टोक असो. मराठी आधी विचारते, कोणाचं? वाघाचा पंजा, मांजराची नखी, खेकड्याची नांगी. क्रियापदांतही तेच. मांजर बोचकारतं, कोंबडी उकरते, घार झडप घालते, वाघ पंजा मारतो. माणूस ओरबाडतो, आणि ते फक्त नखांनीच असं नाही. यातलं एक क्रियापद उचलून दुसऱ्याला लावून बघा. कोंबडीनं झडप घातली म्हटलं तर ऐकणारा हसेल.

‘पंजा’ शब्द फारसीतून आला, त्यात पाच हा आकडा आहे. चीनमध्ये मिंग आणि चिंग राजवटींत पाच नख्यांचा ड्रॅगन हे बादशाही चिन्ह होतं; खालच्यांना कमी नख्यांवर भागवावं लागे. आपल्याकडे मात्र पंजा म्हटलं की निवडणूक आठवते, ते असो.

नांगीपाशी थोडा थांबतो, कारण तिथं मराठीही गोंधळ घालते. खेकड्याची नांगी पुढे असते, विंचवाची मागे, शेपटीच्या टोकाला. विंचवाला पुढेही खेकड्यासारखे चिमटे असतात, पण त्यांच्यासाठी रोजच्या बोलण्यातला वेगळा शब्द मी तरी ऐकलेला नाही. कळ जिकडून येते तिकडे नाव गेलं. ‘नांगी टाकली’ म्हणतो तेही विंचवावरूनच. आणि खेकड्यानं नांगीत बोट धरलं तरी आपण म्हणतो ‘खेकडा चावला’. स्वयंपाकघरात नांग्या आणि डेंगे दोन्ही ऐकू येतात. रस्सा करताना नांग्या ठेचून घ्यायच्या हे मालवणी घरात पोरांनाही ठाऊक असतं.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर स्टोन क्रॅब नावाचा खेकडा धरतात. तिथं अख्खा खेकडा आणायला कायद्यानं बंदी आहे. नांगी मोडून घ्यायची आणि खेकडा जिवंत समुद्रात सोडायचा. नांगीही पावणेतीन इंचांहून थोडी जास्तच लांब हवी. कात टाकता टाकता त्याला नवी नांगी फुटते. सगळेच जगतात असं नाही. त्या लोकांच्या जेवणात ‘क्लॉ’ म्हणजे थेट पदार्थ. मेनूकार्ड मराठीत करताना तिथं ‘पंजा’ लिहिलात तर गिऱ्हाईक उठून जाईल.

जुन्या इंग्रजीत हाच शब्द गाईबैलांच्या खुरांनाही चालायचा. जर्मनमध्ये अजून चालतो. आपण ज्याला लाळ्या-खुरकूत म्हणतो त्या रोगाला जर्मन लोक ‘माउल उंड क्लाउएनझॉइखे’, म्हणजे तोंडाचा आणि खुरांचा रोग, म्हणतात. त्यातला क्लाउए हा क्लॉचा सख्खा भाऊ. त्यांनी खूर पाहिला, आपणही खूर पाहिला, आणि लाळ तेवढी आपण जास्त पाहिली. आपल्या ‘नख’चा मात्र क्लॉशी काही संबंध नाही. त्याचं नातं इंग्रजी ‘नेल’शी, लॅटिन ‘उंग्विस’शी आणि ग्रीक ‘ओनिक्स’शी. हा ओनिक्स लक्षात ठेवा.

आता वाघनखं. इथं इंग्रजी आणि मराठी एका ओळीत येतात, कारण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही त्याला ‘टायगर क्लॉज’च म्हणतात. २०२४ च्या जुलैत ती साताऱ्याला आली तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. ती साताऱ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफकडे होती. १६५९ साली प्रतापगडाखाली वापरलेली हीच, हे सिद्ध करता येत नाही असं खुद्द ते संग्रहालय सांगतं. त्यावरून आपल्याकडे पुष्कळ वाद झाला, त्यात मी पडत नाही. मला लक्षात राहिलं ते वेगळंच. वाघाचं खरं नख बाळाच्या गळ्यात सोन्यात मढवून घालायची पद्धत आपल्याकडे होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तसं नख बाळगणं गुन्हा झाला. आता सराफाकडे त्या आकाराचं सोनं मिळतं. वाघ गेला, नखाचा आकार राहिला.

‘क्लॉबॅक’वर फार वेळ घालवत नाही. साहेबाला दिलेला बोनस गैरप्रकार उघडकीस आल्यावर परत घ्यायचा, एवढाच अर्थ. खासगी बँकांच्या प्रमुखांच्या मोबदल्याबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्ये काढलेल्या नियमांत ही तरतूद आहे. मी ‘परतवसुली’ लिहितो. अर्थ पोचतो, ओरखडा मात्र उमटत नाही. आणि केसांना लावायच्या क्लॉ क्लिपला आपल्या मुलींनी कोणाला न विचारता ‘क्लचर’ करून टाकलंय. तिथं माझी गरजच नाही.

शेवटचं, गुलमोहराचं. त्याचं शास्त्रीय नाव डेलोनिक्स रेजिया. ग्रीक ‘डेलोस’ म्हणजे उघड दिसणारा, आणि ओनिक्स म्हणजे ते मघाचं नख. त्याच्या पाकळ्या तळाशी निमुळत्या होत जातात, त्या निमुळत्या भागाला वनस्पतीशास्त्रात क्लॉ म्हणतात. हे मला पन्नाशीत कळलं. पण शाळेत असताना त्याच फुलाची लाल-हिरवी निदलं सोलून आम्ही दहाही बोटांच्या नखांवर चिकटवायचो आणि चेटकीण होऊन धाकट्यांच्या मागे धावायचो. पांढरी ठिपकेदार पाकळी मात्र खायची, आंबट लागते.

पाकळीच्या त्या क्लॉला मी एका पुस्तकात ‘देठी’ लिहिलं आहे. सध्या तरी.