सतराचा पाढा म्हणत धावताना

श्रोतेहो, नमस्कार.

आज मंगळवार. पहाटे साडेपाचला मी मैदानावर होते आणि माझ्या डाव्या खिशात सहा चिंचोके होते. पहिलीच्या मुलांना मोजायला शिकवताना आम्ही शिक्षक वापरतो, तेच चिंचोके. मैदानाची एक फेरी 400 मीटरची. दोन फेऱ्या जोरात धावायच्या, मग एक फेरी अगदी हळू, आणि तेवढ्यात एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा. असं सहा वेळा. चौथ्या-पाचव्या खेपेला धाप अशी लागते की आपण कितव्यांदा धावतोय हे डोक्यात राहत नाही. चिंचोके मात्र चुकत नाहीत.

आज पहिल्या 800 मीटरला 4 मिनिटं 22 सेकंद लागले. शेवटच्याला 4 मिनिटं 20. मला यातलं समाधान कशाचं, तर पहिली आणि शेवटची खेप जवळजवळ सारख्या वेळेत झाली याचं. सुरुवातीला पाय ताजे असतात, ते पुढे ओढतात. तिथं हात आखडता घ्यावा लागतो. पहिली खेप चार मिनिटांत मारली असती, तर पाचवी-सहावी रडत-खडत झाली असती आणि अख्खा सराव वाया गेला असता.

आठवड्याला माझं 46 किलोमीटर धावणं होतं. त्यातलं असं जोरातलं धावणं मंगळवार आणि गुरुवार मिळून जेमतेम दहा किलोमीटर. उरलेले छत्तीस किलोमीटर मी सावकाश धावते. त्या छत्तीस किलोमीटरबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे, कारण नव्यानं धावायला लागलेली माणसं नेमकं तेच सोडून देतात. मीही सोडलं होतं आणि त्याची किंमत मोजली होती.

मी साताऱ्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. वय 47. अडतिसाव्या वर्षी चौथीच्या मुलांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर गेले होते, तेव्हा चढावर दोनदा बसावं लागलं. मुलं वर जाऊन माझी वाट पाहत उभी होती. त्याच आठवड्यात मी धावायला सुरुवात केली. रोज पाच किलोमीटर, एकच रस्ता, हातात घड्याळ, आणि रोज कालच्यापेक्षा लवकर पोचायचं, एवढाच माझा सराव. पहिले तीन महिने वेळ भराभर कमी होत गेली. मग ती एका जागी थांबली. मी आणखी जोर लावला. आठव्या महिन्यात उजव्या पायाची नडगी दुखायला लागली. सुरुवातीला धावताना, मग चालताना, मग नुसती रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या. अंगठ्यानं दाबलं की रुपयाएवढ्या एका जागी जीव कळवळायचा. हाडावर ताण आला होता. नऊ आठवडे धावणं बंद.

एका डॉक्टरांनी सांगितलं, आता या वयात हे पळणं सोडून द्या. मी घरी येऊन खूप रडले. नंतर एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी पाय बघितला, बूट उलटे करून तळ बघितले आणि विचारलं, ‘‘मॅडम, तुम्ही हळू कधी धावता?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हळू कधी धावलेच नव्हते.

श्रोतेहो, घडतं ते असं. आपण धावायला लागलो की दम लवकर सुधारतो. थोड्याच आठवड्यांत तुम्हाला वाटायला लागतं की आता आणखी जोरात जमेल. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे इतक्या लवकर तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. छाती म्हणते चल, आणि नडगी म्हणते थांब. नडगीचा आवाज बारीक असतो, तो आपल्याला ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट इंधनाची. जोरात धावताना शरीर मुख्यतः स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जाळतं, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात. हा साठा मर्यादित असतो. मॅरेथॉनमध्ये, म्हणजे साधारण 42 किलोमीटरच्या शर्यतीत, तिसाव्या किलोमीटरच्या आसपास माणसं एकाएकी गळपटतात, त्याचं मोठं कारण हा साठा संपत येणं. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसाकडेही भरपूर असतो. ती चरबी जाळायची सवय शरीराला सावकाश, पुष्कळ वेळ धावण्यातून लागते. स्नायूंतल्या बारीक केशवाहिन्या वाढतात, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. हे सगळं बाहेरून काहीच दिसत नाही. तुम्हाला फक्त दिसतं की शेजारून कुणीतरी आपल्याला मागे टाकून गेलं.

आता सावकाश म्हणजे किती सावकाश? माझ्यासाठी किलोमीटरला सव्वासात मिनिटं, तुमच्यासाठी कदाचित आठ, कदाचित सहा. आकड्यापेक्षा माझी परीक्षा सोपी आहे. धावता धावता मी मोठ्यानं सतराचा पाढा म्हणते. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न, सतरा चोक अडुसष्ट. एका श्वासात दोन ओळी सहज आल्या, शब्द मध्येच तुटला नाही, तर वेग बरोबर. एका ओळीनंतर श्वास घ्यावा लागला तर ते गुरुवारचं धावणं, ज्याला आमच्याकडे सगळे टेम्पो म्हणतात. आणि ‘सतरा एके’वरच थांबावं लागलं तर तो मंगळवार. बुधवारी, शनिवारी, रविवारी पाढा तुटला की मी वेग कमी करते, सोबतच्या बाया पुढे गेल्या तरी. पहिले सहा महिने हे फार जड गेलं. मागून येणारा प्रत्येक जण पुढे जायचा. आता त्याचं काही वाटत नाही.

सगळ्यात वाईट वेग मधला. ना धड सावकाश, ना धड जोरात. रोज त्याच वेगानं धावणारा माणूस कायम थोडा दमलेला असतो. त्यामुळे ज्या दिवशी खरोखर जोर लावायचा, त्या दिवशी पाय उचलत नाहीत. माझे पहिले आठ महिने असेच गेले.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आर्थर लिडियार्ड नावाचे प्रशिक्षक होऊन गेले. बुटांच्या कारखान्यात काम करणारा माणूस. स्वतःवर प्रयोग करून त्यांनी आपली पद्धत बसवली. त्यांचा शिष्य पीटर स्नेल याची शर्यत 800 मीटरची, म्हणजे मैदानाच्या दोनच फेऱ्या. पण लिडियार्ड त्यालाही डोंगरातल्या रस्त्यांवर एका दमात 35 किलोमीटर धावायला लावत. लोकांना ते विचित्र वाटायचं. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनं 800 मीटरचं सुवर्णपदक घेतलं, आणि त्याच दिवशी लिडियार्ड यांचाच मरे हॅलबर्ग 5000 मीटर जिंकला. दोन फेऱ्यांच्या शर्यतीसाठी 35 किलोमीटर. मी दमले की हे आठवते.

इतकं लांब कशाला जायचं? आपल्या जिल्ह्यातलं, माण तालुक्यातलं मोही हे गाव ललिता बाबर हिचं. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे वाटेतले अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत ती पोचली आणि दहावी आली. धावपट्टीवरच्या शर्यतीत भारतीय महिला अंतिम फेरीत पोचली ती 1984 च्या पी. टी. उषानंतर पहिल्यांदाच. स्टीपलचेस ही साडेनऊ मिनिटांची शर्यत. पण त्याआधी ललितानं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांमध्ये पहिला क्रमांक मिळवलेला होता. त्या साडेनऊ मिनिटांच्या खाली कित्येक वर्षांचं लांबचं धावणं होतं, असं मला वाटतं. माझ्या वर्गातल्या मुलींना तिचं नाव पाठ आहे.

आणि बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांचं नाव तर प्रत्येक शाळेत सांगितलं गेलं पाहिजे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी मुलं अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली, आणि 1920 साली भारताचे मोजके खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांत चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरची होती. चौगुले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत एकोणिसावे आले. मी चौथीच्या मुलांना हे गणित घालते. भागाकार करून मुलं सांगतात, बाई, किलोमीटरला चार मिनिटांच्या आत! आणि मग वर्ग एकदम गप्प होतो, कारण त्यांनी मैदानावर एक किलोमीटर स्वतः धावून पाहिलेलं असतं.

गुरुवारी आम्ही बहुतेक वेळा घाटात जातो. समर्थ मंदिर, बोगदा आणि पुढे यवतेश्वरचा चढ. 2012 पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच वाटेनं होते, त्यामुळे पावसाळ्यात या रस्त्यावर पहाटे बाहेरगावचे धावकही दिसतात. चढाला घड्याळ बघायचं नाही. वेग कमी होणारच, मेहनत तेवढीच ठेवायची. पाऊल आखूड, नजर पुढच्या दहा-बारा फुटांवर. वरच्या वळणाकडे बघितलं की पाय जड होतात. लोक चढाला घाबरतात, पण पाय मोडून येतो तो उताराला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीर थोपवून धरत असतो, त्याला आतून बारीक इजा होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. म्हणून उतारावर लांब ढांगा टाकायच्या नाहीत. छोटी, भराभर पावलं, गुडघा थोडा वाकलेला, आवाज कमीत कमी. आमच्यातल्या एकीचं पाऊल उताराला अजिबात वाजत नाही. मी तिच्या मागे धावते आणि ऐकत शिकते.

रविवार लांबचा. सोळा किलोमीटर, कधी अठरा. निघण्याआधी एक केळं आणि दोन खजूर, सोबत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. नुसतं साधं पाणी घटाघटा पिणं लांबच्या धावण्यात बरं नव्हे, रक्तातलं मीठ पातळ होतं. तहानेपुरतं प्यावं. श्रावणात कासच्या रस्त्याला एवढं धुकं असतं की पुढची मैत्रीण दिसत नाही, नुसता तिचा श्वास ऐकू येतो. पहिली चार-पाच किलोमीटर आम्ही बोलतो: मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणं, बदल्या. दहाव्यानंतर आपोआप सगळ्या गप्प होतात. तो गप्पपणा मला फार आवडतो. आठवड्यात दुसरीकडे कुठंच तो मिळत नाही.

आम्ही पाचजणी एकत्र जातो याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मी इथं बोलणार आहे. अंधारात एकट्या बाईला रस्त्यावर धावताना अजूनही गाडीतून काहीबाही ऐकावं लागतं. माझ्या एका मैत्रिणीनं त्यापायी वर्षभर धावणं सोडलं होतं. तिचं ते वर्ष कुणी परत देणार नाही. म्हणून आम्ही एकत्र निघतो, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांची जॅकेटं, वाहनं समोरून येताना दिसतील अशा बाजूनं. पुरुष श्रोत्यांना माझं सांगणं आहे, पहाटे रस्त्यावर बाया धावताना दिसल्या तर गाडी हळू करा आणि काही न बोलता पुढे जा. एवढंच पुरे.

सोमवार आणि शुक्रवार धावणं नाही. शुक्रवारी घरात जिन्याच्या पायरीवर पोटऱ्यांचे व्यायाम: टाचा उचलायच्या, हळू खाली न्यायच्या, एका पायावर पंधरा वेळा. नडगी दुखल्यापासून हा व्यायाम मी एकदाही चुकवलेला नाही. आणि झोप साडेनऊला. घरातले टीव्ही बघत असतात, मी उठून जाते. झोपेतच शरीर दुरुस्त होतं, त्यामुळे मी ती सरावातच धरते.

रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटं ठेवून मी मिनिटभर नाडी मोजते आणि वहीत लिहिते. एरवी ती 58 च्या आसपास असते. 68-70 झाली तर काहीतरी बिनसलेलं असतं. ताप येऊ घातलाय, झोप कमी पडलीय किंवा मन अस्वस्थ आहे. त्या दिवशी मंगळवार असला तरी चिंचोके घरीच राहतात. त्याच वहीत बुटांचा हिशोबही आहे. माझा जोड साधारण 700 किलोमीटर झाले की बदलते. पावसात भिजले की आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत ठेवते.

तुमच्यापैकी कुणी अजून सुरुवातच केली नसेल, तर आधी महिनाभर चाला. मग दोन मिनिटं धावा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तर आधी डॉक्टरांना भेटून या. धावताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर लगेच थांबायचं, त्यात कसलाही कमीपणा नाही. नडगीवर, टाचेवर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं असेल, तर त्यावर धावू नका. सगळा पाय भरून आला असेल तर ती मेहनत आहे. एक ठिपका दुखत असेल तर ती इजा असू शकते. हा फरक मला नऊ आठवडे घरी बसल्यावर कळला, तुम्हाला आज फुकट कळू दे.

उद्या बुधवार. आठ किलोमीटर, सावकाश. सव्वापाचला समर्थ मंदिराच्या चौकात आम्ही पाचजणी असतो. सातारकर भगिनींपैकी कुणाला यायचं असेल त्यांनी जरूर यावं, आमच्यातली एकजण नेहमी मागे राहून नवीन बाईसोबत धावते. उद्या ती पाळी माझी आहे.

नमस्कार.