विमानात बॉम्ब आहे म्हणे! मग एटीसीवाला, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणारा कंट्रोलर, काय करतो?

[नकाशा, बरोबर मधोमध नागपूर]

तुम्ही हा व्हिडिओ पाहून राहिले ना, तेव्हाही नागपूरच्या डोक्यावरून कुठलं तरी विमान जातच असेल. दिल्लीहून चेन्नई, हैदराबाद, बंगळुरूला जाणारी, मुंबईहून कोलकात्याला जाणारी, सगळ्यांच्या वाटा इकडेच कुठंतरी एकमेकींना कापतात. आणि हे काही आजचं नाही, 1949 ला रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारही बाजूंची विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगावच्या विमानतळावर यायची, थैल्या बदलायची आणि परत फिरायची.

आता त्याच मधल्या जागेमुळे दुसरं एक काम नागपूरच्या गळ्यात पडलंय. 1 सप्टेंबर 2024, जबलपूरहून हैदराबादला निघालेल्या विमानाच्या टॉयलेटमध्ये बॉम्बची चिठ्ठी, विमान नागपूरला उतरवलं. 17 जून 2025, मस्कतहून कोचीला आलेलं विमान पुढे दिल्लीला निघालं आणि मागून कोची विमानतळाला धमकीचा ईमेल, तेही नागपूरलाच. दोन्ही वेळा झडती घेतली, काही नाही सापडलं. उलटंही झालंय बरं, नोव्हेंबर 2024 मध्ये नागपूरहून कोलकात्याला निघालेलं विमान असंच रायपूरला उतरवावं लागलं.

[टॉवर, मग अंधारी खोली, रडारचे स्क्रीन]

लोकांना वाटतं एटीसी म्हणजे तो काचेचा टॉवर. टॉवरवाला पाहतो धावपट्टी आणि आसपासचं आकाश, पण तीस-पस्तीस हजार फुटांवरच्या विमानाशी बोलणारा माणूस खाली बिनखिडकीच्या खोलीत स्क्रीनसमोर बसलेला असतो, हेडसेट लावून. उडत्या विमानातून धमकीची खबर आली तर ती त्याच्याच कानात पडते.

आणि आता गंमत पाहा, बॉम्ब खरा की खोटा हे तो ठरवतच नाही. त्यासाठी बॉम्ब थ्रेट असेसमेंट कमिटी बसते, विमानतळवाले, विमानतळाची सुरक्षा पाहणारं सीआयएसएफ, एअरलाइन, पोलीस असे सगळे, आणि ते ठरवतात की धमकी स्पेसिफिक आहे की नॉन-स्पेसिफिक, म्हणजे फ्लाइट नंबर, वेळ, जागा असं काही नेमकं सांगितलंय की नुसतंच 'उडवून देऊ'. कंट्रोलरचा प्रश्न साधा, कॅप्टन, तुमचा इरादा काय? कुठं उतरायचं, किती वेळात, खाली यायचंय की आहे त्याच उंचीवर राहायचंय. उंचीचा मुद्दा फालतू नाही, केबिनमधली हवा आणि बाहेरची हवा यांच्या दाबातला फरक जेवढा जास्त तेवढं स्फोटाचं नुकसान मोठं, म्हणून पायलट मागेल ती लेव्हल मोकळी करून द्यायची, मग त्यासाठी बाकीच्या चार विमानांना डावीकडे-उजवीकडे वळवावं लागलं तरी चालेल.

उतरल्यावरही विमान नेहमीच्या जागी नाही जात. आयसोलेशन बे म्हणून एक कोपरा ठेवलेला असतो, इमारती आणि दुसऱ्या विमानांपासून कमीत कमी 100 मीटर लांब, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तिथं फायर ब्रिगेड, बॉम्ब शोधून निकामी करणारं पथक म्हणजे बीडीडीएस, कुत्री, सगळे तयार.

[काळी स्क्रीन, हिरवे आकडे: 7500]

हायजॅकचं मात्र वेगळं आहे भाऊ. तिथं पायलटला मोकळेपणानं बोलता येत नाही, मागं कोण उभं आहे काय माहीत. म्हणून ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाचा कोड आणि उंची रडारला कळवणारं यंत्र. प्रत्येक विमानाला चार आकडी कोड दिलेला असतो, आकडे 0 ते 7 एवढेच, म्हणजे एकूण 4096 कोड, त्यातले तीन संकटासाठी राखीव. 7700 म्हणजे इमर्जन्सी, 7600 म्हणजे रेडिओ बंद, आणि 7500 म्हणजे विमान ताब्यात घेतलंय. तो आकडा स्क्रीनवर चमकला की कंट्रोलर विचारतो, 'कन्फर्म स्क्वॉकिंग 7500?', म्हणजे 7500 हाच कोड लावलाय ना, एवढंच. 'हो' आलं किंवा नुसती शांतता आली, तर पुढं खोदून विचारायचं नाही. पायलटनं स्वतःहून विषय काढल्याशिवाय हायजॅक हा शब्दही रेडिओवर उच्चारायचा नाही, कारण कॉकपिटमध्ये तो कोण ऐकून राहिला सांगता येत नाही. हवामान, वाट, लेव्हल, समोरचं ट्रॅफिक सांगत राहायचं, उत्तराची वाट न पाहता. आवाज रोजच्यासारखा. मला विचाराल तर सगळ्यात अवघड काम हेच आहे, कारण त्याच वेळी त्याच्या शेजारी फोनवर फोन वाजत असतात, दिल्ली, पोलीस, एअरलाइन, पुढच्या भागाचं कंट्रोल सेंटर.

विमान ठरलेल्या वाटेवरून हटलं तर? पायलटनं जमलं तर नेहमीच्या लेव्हलपासून 500 फूट वर-खाली राहायचं असतं, कारण बाकीचे हजार-हजार फुटांच्या अंतरानं उडतात, मधली जागा रिकामी सापडते. आणि ट्रान्सपॉन्डरच बंद केला तर? 11 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेत तसंच केलं होतं. मग नाव, उंची सगळं गायब, उरतो फक्त प्रायमरी रडारवरचा, म्हणजे विमानावर आदळून परत आलेल्या लहरींवरून दिसणारा, एक ठिपका, आणि तो ठिपका नजरेतून सुटू द्यायचा नाही.

कंट्रोलरच्या हातात किती कमी असतं हे आपण आयसी 814 या विमानाच्या हायजॅकमध्ये पाहिलंय. 24 डिसेंबर 1999, काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान अमृतसरला पाऊण तासाच्या आसपास उभं होतं आणि उडून गेलं, पुढं लाहोर, दुबई, कंदाहार. निर्णय घेणारे दुसरीकडं बसलेले होते.

चुकूनही होतं कधी कधी. नोव्हेंबर 2019, ॲमस्टरडॅमचं स्किफोल विमानतळ, पायलटकडून चुकून हायजॅकचा अलार्म गेला आणि पोलिसांची फौज धावली. प्रवासी आरामात बसलेले.

[मोबाइल स्क्रीन, ईमेल टाइप होताना]

आणि मग हे घरबसल्या धमक्या देणारे. ऑक्टोबर 2024 मध्ये देशभरात शेकडो खोट्या धमक्या आल्या, त्यातल्या काही प्रकरणांत नागपूर पोलिसांनी गोंदिया जिल्ह्यातल्या एकाला पकडलं. पोट्टे म्हणतात मजाक केली. अरे बावा, एक विमान आधी आत घ्यायचं म्हणजे रांगेतलं दुसरं बाहेर घिरट्या घालतं, धावपट्टी अडली तर तिसरं रायपूरला नाहीतर हैदराबादला पाठवायचं, आणि त्या प्रत्येक कॅप्टनला कंट्रोलर विचारत असतो की तुमच्याकडं अजून किती मिनिटांचं इंधन आहे.